चुन्याचे तीन हात

बंगला, कासुर्डीची टेकडी
१२ जानेवारी १९७४

चांगदेवा,

जयभीम घे. आशीर्वाद मागनं पाठवते, आत्ता मनातनं निघंना. अकरा वर्षांत तुला हे पहिलं पत्र, आन् तेबी घोडं अडलंय म्हणून. पत्ता लालबी मावशीच्या पाशानं दिला. अंबरनाथला तो तुझ्याच चाळीत ऱ्हातो म्हणं, रोज बोलणं होतं म्हणं. शेजारणीच्या पोराशी बोलतोस आन् सख्ख्या बहिणीला दोन ओळी लिहायला तुझा हात मोडतो. असू दे.

कामाचं सांगते. बंगला विकला. मालकीणबाई वारल्या, त्यांच्या भाच्यानं मुंबईत बसून सही केली आन् बंगल्यासकट सगळी टेकडी पोपटराव कंत्राटदाराला देऊन टाकली. त्याला बंगला नको, टेकडीचा दगड पाहिजे. खडीची मशीन बसवणार हाय. गेल्या सोमवारी त्याची माणसं विहिरीपासनं सीताफळीपत्तोर दगडांवर तांबडे आकडे टाकून गेली. पहिला सुरुंग पावसाळ्याआधी लावणार. मागच्या आपल्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यावर बी आकडा हाय, सतरा.

आबांना सत्तरावं लागलंय. चाळीस वर्षं ह्या बंगल्याची राखण केली. खाली गावात आपलं घर पडलं, तिथं आता समाजमंदिर उभं हाय. नवऱ्यानं टाकल्यापासनं मला बी हेच छप्पर. मी आबांना विचारलं, कुठं जायचं आता? म्हणाले, "मी खाली उतरणार न्हाई." आन् बादली उचलून जाईला पाणी घालायला गेले. ह्याला काय म्हणायचं सांग.

मी बालवाडी चालवते, तिथं पेपर येतो. त्यात वाचलं की जुन्या, बघण्याजोग्या इमारती सरकार राखतं. मग तिथं कुणाला सुरुंग लावता येत न्हाई आन् राखणदारालाबी हलवता येत न्हाई. पुण्याला तसा अर्ज करायचाय. मजकूर सोबत हाय. तू हापिसात टायपिंग करतोस, तेवढा शुद्ध करून टाईप करून धाड.

मजकुरात दिवाणखान्यातल्या चित्राचं लिहिलंय. तेवढं एकच ह्या बंगल्यात दुसरीकडं कुठं न बघायला मिळणारं. तुला आठवत असंलच, तुझं घर त्याच्यापायीच सुटलं. कालव्यावरच्या गोऱ्या साहेबाच्या मडमेनं हातानं काढलेलं, भिंतभर. मागं बंगला, म्होरं घोड्यावर साहेब, बाजूला कुत्रं, आन् घोड्याच्या बी म्होरं वेठीला धरलेला आपला आज्जा. भैरू. डोक्यावर साहेबाचं गाठोडं, हातात घुंगराची काठी, पाय उघडे, पळतोय. तू खुरपं घेऊन आला होतास ते खरवडायला. म्हणालास, "रोज सकाळी झाडलोट झाली की त्या गोऱ्यापुढं हात जोडून उभं ऱ्हाता, लाज न्हाई वाटत?" आबांनी तुझ्या मुस्काटात मारली. आन् तुझी पेटी मी दारात आणून ठेवली. मी कायबी विसरले न्हाई.

अर्जात मी आज्ज्याचं नाव घातलं न्हाई. 'एक गडी' असं लिहिलंय.

येऊ नगंस. आबा तुझं नाव निघालं की उठून जातात. नुसतं टाईप करून धाड.

सोजरअक्का

*

३ मार्च १९७४

चांगदेवा,

सात आठवडे झाले. पाशा सणाला आला होता. म्हणाला, पत्र पोचलं, तू दोनदा वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आन् कामावर गेलास. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस व्हय रे? मी तुझ्याकडं काय काळजाचा तुकडा मागितला न्हाई. एक कागद मागितला.

मग मीच लिहिला हातानं. पाच वेळा लिहून फाडला. ग्रामसेवक म्हणाला, "बाई, असल्या अर्जांची तिकडं रद्दी होती." म्हटलं, होऊ दे रद्दी, तुमच्या सहीला काय होतंय? तीन खेपा घातल्या तवा सही केली. सरपंचांकडं गेले तर ते पाटसला कारखान्यावर. कारखान्यावर गेले तर ते म्हणं वरवंडला लग्नात. यष्टीच्या धुरळ्यानं माझं डोस्कं पांढरं झालं, पण सही घेतली. मांडवात घेतली.

इकडं पोपटराव येऊन पायरीवर बसतो. गोड बोलतो. "आबा, तुम्हाला खाली एक पत्र्याची खोली देतो, मशीनवर राखणदार म्हणून ठिवतो." आबा त्याला पाणी देतात आन् पाठ फिरवतात. मला म्हणतो, "तुमचा भाऊ एवढा शिकलेला, त्याला का न्हाई बोलवत?" मी म्हणाले, त्याला सवड न्हाई. तुझी लाज मी झाकली, हे ध्यानात ठेव.

आन् ऐक, रद्दी झाली न्हाई. पुण्यासनं पत्र आलं. अठरा एप्रिलला एक साहेब स्वतः बघायला येणार हायेत. लिहिलंय, 'भित्तिचित्राबद्दल विशेष उत्सुकता आहे.' आबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग दिवाणखाना उघडून कितीतरी वेळ आतच होते.

मला आनंद झाला का, तर झाला. पण मग तो साहेब त्या भिंतीपुढं उभा ऱ्हाईल आन् विचारील, हा पळणारा माणूस कोण? आन् आबा छाती काढून सांगतील, माझा बाप. गावातली माणसं बी असतील तवा. चार दिवस हे माझ्या डोक्यातनं जाईना. तुला कशाला सांगतीय कुणास ठाऊक.

सोजरअक्का

*

२१ एप्रिल १९७४

चांगदेवा,

साहेब आले आन् गेले. दीड तास होते, त्यातला अर्धा तास चहात गेला. माझ्या चार महिन्यांच्या पायपिटीची माती झाली, ती कशी ते ऐक.

सरकारी पाव्हणा पहिल्यांदा टेकडी चढणार म्हटल्यावर आपल्या बौद्धवाड्यातली बयाबाई बाया गोळा करून आली. लालबी मावशीबी आली. म्हणं, भिंती काळ्याठिक्कर, खांबांचा रंग उडालेला, असं दाखवायचं का पाव्हण्याला? नाक कापलं जाईल गावाचं. तीन दिवस बाया राबल्या. खाली पाटीभर भाकरी भाजून आणायच्या आन् इथं सीताफळीखाली बसून खायच्या. आतनं-बाहेरनं चुना, वर नीळ. व्हरांड्याचे सागवानी खांब शाळेच्या उरलेल्या निळ्या रंगानं रंगवले. दारावरच्या दगडात साल कोरलेलं होतं, त्यात कोळ्यांनी घरं केलेली. बयाबाईनं ते सगळं चुन्यानं भरून पार सपाट केलं. म्हणाली, "आता कसं गुळगुळीत झालं."

मी मास्तरीण, मी पेपर वाचते, मी अर्जात 'पुरातन' असं तीन जागी लिहिलं, आन् मला बी त्या वेळी ह्यात कायबी वावगं दिसलं न्हाई. घरी माणूस यायचं तर घर नवं करायचं, जन्मभर हेच केलं. दसऱ्याला हेच, लग्नाला हेच.

साहेब आले. वाळकेसे, गळ्यात क्यामेरा. पायऱ्यांखाली उभे ऱ्हायले. पिशवीतनं माझा अर्ज काढला, त्याच्याकडं बघितलं, बंगल्याकडं बघितलं, परत अर्जाकडं बघितलं.

"बाई, ह्या अर्जातला बंगला कुठं आहे?"

"हाच की साहेब."

त्यांनी खांबाला हात लावला तर रंग अजून ओला, अंगठा निळा झाला. आबा मागनं कौतुकानं म्हणतात, "समदं नवं केलंय साहेब, तुमच्यासाठी." साहेबांच्या तोंडाकडं बघवंना.

मग दिवाणखान्यात गेले. ती भिंत बी पांढरीफेक. साहेब म्हणाले, "चित्र?" त्यांनी भिंतीवर बोट घासलं, बोटाला चुना लागला न्हाई, एवढा पक्का बसला होता. "कोणी दिला हा चुना?"

आबा म्होरं झाले. म्हणाले, "मी दिला साहेब. भिंतीला डाग पडले होते."

साहेबांनी वही मिटली. रागावले न्हाईत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "आजोबा, जुनं काय आहे ते बघायला मी आलो होतो. तुम्ही एवढ्या मायेनं सगळं झाकून टाकलंत. मी वर काय लिहू?" चहा घेतला, बायांना नमस्कार केला आन् उतरून गेले. पोपटराव खाली रस्त्यावर जीप घेऊन उभाच होता, त्यांना यष्टीपत्तोर सोडायला.

आता सतरा नंबरच्या उंबऱ्यावर बसून तुला हे लिहितीय. आबा एक शब्द बोलले न्हाईत तवापासनं. मीबी त्यांच्याशी बोलत न्हाई. चाळीस वर्षं जी भिंत जपली, जिच्यापायी पोराला हाकललं, ती अशी घालवायची का? तूच विचार त्यांना, मला जमत न्हाई.

सोजर

*

१२ मे १९७४

चांगदेवा,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते तसंच ठिवलं तर मला घास जाणार न्हाई, म्हणून आधी ते.

ती भिंत मी चुनवली. आबांनी न्हाई.

आबा बाजारला यवतला गेले होते, बाया मागच्या पडवीत होत्या. दिवाणखान्यात मी एकटी. बयाबाईनं विचारलं होतं, "चित्राला काय करायचं गं?" मी म्हणाले होते, ते तसंच ठिवायचं, तेच तर बघायला येत्यात. आन् दार लावून घेतलं. पुसणार होते नुसतं, फडक्यानं. साहेबाचा बूट पुसला, घोडा पुसला. मग आज्ज्याचे पाय आले. उघडे, आन् टाचेला भेग बी काढलीय त्या मडमेनं, एवढी बारीक नजर तिची. तोंड उघडं, दम लागलेलं. अन् माझ्या डोळ्यांपुढं तो पुण्याचा माणूस आला, क्यामेरा लावून ह्या टाचा टिपणारा. खाली 'एक गडी' लिहिणारा. मीच शिकवलं की त्याला ते लिहायला.

बादली शेजारीच होती. चुन्यात डिंक घालतात, कपड्यांना लागू नये म्हणून. मी त्यात दुप्पट घातला. साहेबाला एक हात मारला, घोड्याला एक. त्या गोऱ्याशी मला काय घेणं? आज्ज्याला तीन हात दिले. एक वाळला की दुसरा. खाली कायबी दिसंना झालं तवा थांबले.

तू जे करायला आला होतास ते मी केलं, अकरा वर्षांनी, दार लावून. तुला तर उजेडी करायची हिंमत होती. आन् तुझी पेटी मी बाहेर ठिवली होती. हसायचं असंल तर हस.

आबा बाजारातनं आले, दार उघडून बघितलं. माझे हात कोपरापत्तोर पांढरे. दार परत ओढून घेतलं. मग साहेबांपुढं 'मी दिला' म्हणाले. मी गप ऱ्हायले. चांगदेवा, भर लोकांत माझ्या बापानं माझी चूक अंगावर घेतली आन् मी पदर तोंडाला लावून उभी होते. आन् वरनं त्यांच्याशीच अबोला धरला. माझी मला किळस येती.

आता पुढचं. पुण्याच्या साहेबांचं पत्र आलंय. भला माणूस, आपल्याला सोडलं न्हाई त्यानं. लिहितात, चुन्याखाली चित्र शाबूत असण्याचा संभव आहे, ओल्या फडक्यानं हळूहळू काढून बघा. ते निघालं तर बंगल्याचं नाव यादीत घालता येईल आन् सुरुंगाला मनाई करता येईल. न निघालं तर त्यांचा इलाज न्हाई. दहा जूनला ते फोटोवाल्याला घेऊन येणार. पोपटरावाचा सुरुंग पंधराला हाय.

आबांनी पत्र ऐकलं आन् गोणपाट भिजवून कामाला लागले. नारळाची करवंटी घेऊन सकाळपासनं घासतात, टाचा उंच करून. मी म्हणाले, आबा, मी करते. म्हणाले, "तू साहेबाकडनं धर. म्होरली बाजू मी बघतो."

त्यांच्या शेजारी उभं ऱ्हाऊन मी आज साहेबाची टोपी काढली. चांगली निघाली.

सोजर

*

१६ जून १९७४

चांगदेवा,

बंगला वाचला.

साहेब दहा तारखेला आले, फोटोवाला आला, दोन तास मोजमापं घेतली. त्यांनी दारावरचं साल खिळ्यानं टोकरून काढलं, खांबांचा निळा रंग बघून हसले बी. काल मनाईचा कागद आला. पोपटराव त्याची माणसं घेऊन गेला, जाताना पायरीवर थुंकला. आबांना आन् मला मागच्या खोल्यांतनं कुणी काढायचं न्हाई, असं कागदात स्वच्छ हाय. बायांनी गूळ वाटला. लालबी मावशी रडली.

आन् मला आज जेवण गेलं न्हाई.

चुन्याखालनं चित्रातला साहेब निघाला, घोडा निघाला, कुत्र्याची मिशी निघाली, मागचा बंगला सगळा निघाला, कालच काढल्यासारखा. आज्जा निघाला न्हाई. पाय निघाले, घोट्यापत्तोर. काठी अर्धी निघाली. वरचं सगळं माझ्या तीन हातांच्या चुन्याला चिकटून पापुद्र्यानं आलं. पुण्याचे साहेब म्हणाले की त्या बाईनं नवऱ्याला अन् घोड्याला तेलाच्या रंगात काढलं होतं आन् पुढच्या माणसाला साध्या पाण्याच्या रंगात. तेलाला चुना धरत न्हाई, पाण्याच्या रंगाला धरतो. म्हंजी तिनं बी त्याला कमीच धरला, आन् मी बी.

तोंडाचा पापुद्रा सुटला तवा आबा तिथंच होते. हातात झेलला त्यांनी. उलटा करून बघितला, मागच्या बाजूला थोडा तांबूस रंग होता, नाक का कान ते कळंना. दाबला गेला आन् पीठ झालं.

मी म्हणाले, "आबा, माझ्यामुळं."

त्यांनी हात धोतराला पुसला. म्हणाले, "माझा बाप गेला तवा मी पाच वर्साचा. फोटू कुठला आपल्याला त्या काळी. त्याचं तोंड ह्या भिंतीवर होतं म्हणून मी इथं नोकरी धरली. न्हाईतर साहेबाच्या बंगल्याला कोण ऱ्हातंय?"

चांगदेवा, आपण दोघांनी त्यांना ल्हानपणापासनं बघितलं. झाडलोट झाली की हात जोडून उभे. तू म्हणालास साहेबापुढं, मी बी मनात तेच म्हणत होते, नुसतं बोलून दाखवलं न्हाई. म्हातारा रोज सकाळी आपल्या बापाला बघत होता. ह्या माणसानं एकदा तरी सांगावं का न्हाई? तुला मुस्काटात मारण्याऐवजी हे एक वाक्य बोलला असता, तर तू घरी असतास आन् माझा हात त्या बादलीकडं गेला नसता. इतका राग आला मला त्यांचा, आन् त्याच वेळी पाय धरावेसे वाटले. दोन्ही केलं न्हाई. भाकरी थापायला गेले.

पुण्याचे साहेब त्या पांढऱ्या जागेपुढं उभे ऱ्हाऊन म्हणाले, "एवढा कोपरा गेला, पण हरकत नाही. मुख्य चित्र शाबूत आहे." मी म्हणाले, "साहेब, तुमच्या वहीत लिहून घ्या. म्होरं पळणारा माणूस भैरू, ह्यांचे वडील, माझा आज्जा. गडी न्हाई, नाव लिहा." त्यांनी लिहिलं. मी तोंड उघडायला फार उशीर केला.

तवापासनं आबा दिवाणखाना झाडतात आन् बाहेर येतात. उभे ऱ्हात न्हाईत. तिथं आता नुसता साहेबच हाय.

काल संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः तुझं नाव घेतलं. म्हणाले, "चांगदेवला लिहितीस नव्हं? त्याला म्हणावं, तुझं कपाळ आन् नाक माझ्या बापावर गेलंय. ल्हानपणापासनं."

मी पेटी बाहेर ठिवली होती, म्हणून ये असं म्हणायचा मला हक्क न्हाई. पण ये. तुला माझं तोंड बघायचं नसंल तर मी लालबी मावशीकडं जाऊन बसंन, तू परत जाईपत्तोर वर येणार न्हाई. आबांची माफी मागू नगंस, त्यांना बी मागायला लावू नगंस. सकाळची झाडलोट झाली की त्यांच्यापुढं जरा वेळ उभा ऱ्हा. बोललं न्हाईस तरी चालंल. त्यांना नुसतं बघायचं हाय.

तुझी अक्का,
सोजर